जुन्या गाडीचे ब्रेक कमी लागतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ब्रेक कमी लागतात’ असं तीन जण सांगतात तेव्हा ते बहुधा तीन वेगळ्या तक्रारी सांगत असतात. एकाचं पेडल पार खाली जातं. दुसऱ्याचं इतकं कडक की दोन्ही पाय लावावेसे वाटतात. तिसऱ्याचं पेडल ठीक, पण गाडी आपल्या सवडीने थांबते. तिघांनाही ‘मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा भाग) बदलून बघू’ हाच सल्ला मिळाला तर निदान दोघांचे पैसे पाण्यात जातात. म्हणून खालची उत्तरं पेडलपासून सुरू होतात. डोळ्यासमोर गाडी आहे ती हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची: पुढे डिस्क (फिरती चकती, तिच्यावर कॅलिपरचा पिस्टन पॅड दाबतो), मागे ड्रम (फिरतं डबडं, त्याला आतून शू घासतात) आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर. त्याहून जुन्या गाड्यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

ब्रेक कमी वाटतात, पण लागतात. तोवर गाडी चालवली तर चालेल का?

पेडल तळाला टेकत असेल, दोन-तीनदा पंप मारल्याशिवाय ब्रेक लागत नसेल, मास्टर सिलिंडरवरच्या डबीतलं ब्रेक ऑइल भराभर उतरत असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर नाही. गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. टो करून न्या.

आपल्या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट (ऑइलचा स्वतंत्र मार्ग) आहे की दोन, हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. दोन सर्किटच्या गाडीत एक पाइप फुटला तरी काही चाकांचा ब्रेक उरतो. पेडल खूप खाली जातं, पण गाडी थांबते. एका सर्किटच्या गाडीत कुठेही गळती झाली की चारही चाकं एकदम जातात. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन सर्किट सक्तीची झाली. इतर देशांत एका सर्किटच्या गाड्या त्यानंतरही बनत राहिल्या. अशी गाडी तुमच्याकडे असेल तर ‘जरा ओल दिसते, पुढच्या सर्व्हिसला बघू’ हे वाक्य तुमच्यासाठी नाही.

पेडलवरून दोष कसा ओळखायचा?

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड किंवा ओंडके लावा, इंजिन बंद. आता पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडा. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्युम (निर्वात, ज्याच्या जोरावर बूस्टर चालतो) संपतो आणि पेडल कडक होतं. इथून पुढे पायाला जे जाणवेल ते थेट हायड्रॉलिकचं.

कडक झालेलं पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. जागेवर राहिलं तर उत्तम. हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळती आहे, बाहेर किंवा मास्टर सिलिंडरच्या आत. ही चाचणी इंजिन चालू ठेवून करू नका. बूस्टर मदतीला असताना धडधाकट गाडीचं पेडलही थोडं खाली जातं, आणि माणूस विनाकारण घाबरतो.

दाबताना पेडल उसळी मारत असेल, म्हणजे स्पंजी वाटत असेल, तर ऑइलमध्ये शिरलेली हवा किंवा फुगणारे होज पाइप (चाकाकडे जाणारे लवचिक रबरी पाइप). पहिल्या दाबाला खोल, दुसऱ्या दाबाला वर आणि कडक, असं होत असेल तर मागच्या शूमध्ये अंतर जास्त पडलेलं असतं. हे दोन दोष लोक सर्रास एकमेकांत मिसळतात, कारण पंप मारल्यावर पेडल दोन्हींत वर येतं. फरक इतकाच: हवा असेल तर वर आलेलं पेडलही मऊ असतं, अंतर असेल तर वर आलेलं पेडल घट्ट असतं.

आणि पेडल सुरुवातीपासूनच कडक, प्रवास कमी, पण गाडी थांबत नाही, तर बूस्टर, पॅड किंवा अडकलेले पिस्टन. तिथे ऑइल सोडून पाइपांतली हवा काढून काही हाती लागत नाही.

मागचे शू सैल आहेत का, हे चाक न खोलता कळतं का?

कळतं. हँडब्रेक दोन-तीन खटके ओढा आणि पेडल दाबा. एरवीपेक्षा पेडल स्पष्टपणे वर लागलं, तर मागच्या शूचं ॲडजस्टमेंट सैल आहे. हँडब्रेकने शू ड्रमजवळ नेले, तेवढा पेडलचा प्रवास वाचला. याला ना पाना लागतो ना जॅक, तरी निम्म्या गॅरेजांत ही चाचणी न करताच हवा काढायला घेतात.

पेडल स्पंजी आहे. हवा आत येते कुठून?

बहुतेक वेळा आपणच घालतो: दुरुस्तीत पाइप सोडला, नंतर हवा नीट काढली नाही. तसं काही झालं नसेल तर डबीतलं ऑइल एवढं उतरलं असेल की वळणावर किंवा चढावर मास्टर सिलिंडरने हवा ओढली. आणखी एक रस्ता व्हील सिलिंडरचा (ड्रमच्या आत शू बाहेर ढकलणारा). त्याचे जुने सील (रबरी कड्या) दाबाखाली ऑइल धरून ठेवतात, पण पेडल सोडताना कडेने हवा आत घेऊ शकतात. म्हणजे गळती नावापुरती आणि हवा मात्र महिन्या-दोन महिन्यांनी परत हजर. हवा काढल्यावर पेडल सुधारतं आणि पुन्हा बिघडतं, असं चक्र चालू असेल तर मागची दोन्ही चाकं उघडून व्हील सिलिंडर बघा.

बघायचं कसं, तर सिलिंडरच्या टोकाला रबरी टोपी असते. तिची कड बारीक स्क्रूड्रायव्हरने अलगद उचला. आत कोरडं किंवा किंचित ओलसर असेल तर ठीक. कड उचलताच थेंब ओघळला किंवा टोपीत ऑइल साचलेलं दिसलं, तर सिलिंडर गेलं. बाहेरून ड्रम कोरडा दिसतो म्हणून फसू नका. ही टोपी बरंच ऑइल पोटात ठेवते.

हवा तीनदा काढली, ऑइलची बाटली संपली, पेडल अजून स्पंजीच. आता?

आता हवा काढणं थांबवा आणि शोध सुरू करा.

पहिली जागा: कॅलिपरचं ब्लीडर निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू. ते कॅलिपरच्या वरच्या टोकाला असायला हवं, कारण हवा वर जाते. कुणी दुरुस्तीत डाव्या-उजव्या बाजूचे कॅलिपर उलटे बसवले असतील तर निपल खाली येतं आणि हवेचा बुडबुडा वर कायमचा अडकतो. बाटलीभर ऑइल सोडलं तरी तो हलत नाही. बरेच कॅलिपर उलट्या बाजूलाही बिनतक्रार बसतात, त्यामुळे ही चूक वाटते तेवढी दुर्मीळ नाही.

दुसरी: रबरी होज पाइप. एकाने पेडल जोरात दाबायचं, दुसऱ्याने होज मुठीत धरायचा. दाबासरशी तो फुगलेला जाणवला तर बदला. बाहेरून भेगा नसल्या तरी आतले थर सुटलेले असू शकतात.

तिसरी: मास्टर सिलिंडर. नवा किंवा किट (नव्या सीलचा संच) टाकलेला सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी बाकावरच ऑइल भरून त्याची हवा काढायची असते. ते राहिलं तर आतली हवा चाकापर्यंत पोचायला फार वेळ घेते, कधी पोचतच नाही.

चौथी: मागचे शू. ते सैल असतील तर पेडल खोल जातं आणि माणसाला ते हवेसारखंच वाटतं. खरं तर शू ॲडजस्ट करूनच हवा काढायला बसावं.

दोष कुठल्या चाकात आहे ते शोधायला होज क्लॅम्प वापरतात. एकेक होज दाबून बंद करायचा; ज्या चाकाचा होज बंद केल्यावर पेडल एकदम घट्ट होतं, गडबड त्या चाकाकडे. मात्र क्लॅम्प यासाठीच बनवलेला, गोल जबड्याचा हवा. पक्कड लावली तर जुना होज आतून चिरतो.

हवा काढताना पेडल पूर्ण खालपर्यंत दाबायचं ना?

जुन्या गाडीत नाही. मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोजच्या वापरात नळीच्या ठरावीक भागातच फिरतो. त्यापुढच्या भागात वर्षानुवर्षं गंज आणि गाळ बसलेला असतो. हवा काढताना पेडल तळाला नेलं की सील त्या खरबरीत भागावरून घासतात आणि फाटतात. मग ‘हवा काढायला दिली आणि मास्टर सिलिंडरच गेला’ ही नेहमीची कहाणी. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा, म्हणजे ते अर्ध्या-पाऊण प्रवासाच्या पुढे जाणार नाही.

क्रमाबद्दल: साधारण नियम म्हणजे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. पण तिरप्या सर्किटच्या गाड्यांत, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकत्र असतं तिथे, क्रम वेगळा असू शकतो. मॅन्युअल सांगेल ते ऐका. आणि डबी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात.

पेडल धरून ठेवलं की हळूहळू खाली जातं, पण गळती कुठेच दिसत नाही.

मास्टर सिलिंडरचे आतले सील. ऑइल बाहेर पडत नाही, सीलवरून मागे डबीत परततं, म्हणून पातळीही कमी होत नाही. हलक्या दाबाला हा दोष जास्त दिसतो. जोरात दाबलं की सील पसरतं आणि पेडल टिकतं. म्हणून सिग्नलला उभे असताना पेडल बुडतं आणि मेकॅनिकने कचकन दाबून बघितलं की ‘सगळं ओके’ असतं. गॅरेजमध्ये दाखवताना हलकं दाबून, धरून दाखवा.

किट टाकायचं की आख्खा सिलिंडर? नळीची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तर किट पुरेल. नखाला खाच लागली तरी किट फार टिकत नाही, हे माझं ठाम मत. ब्रेकमध्ये तेवढी काटकसर मी करणार नाही.

ऑइलची पातळी उतरते, जमिनीवर मात्र थेंब नाही.

दोन शक्यता, एक निरुपद्रवी आणि एक धोक्याची.

निरुपद्रवी: पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि मागची जागा ऑइलने भरते. कित्येक महिन्यांत पातळी थोडी उतरणं नैसर्गिक आहे. अशा वेळी डबी काठोकाठ भरू नका. नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलला की ऑइल ओसंडून बॉनेटखालचा रंग खातं.

धोक्याची: मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळून ऑइल बूस्टरमध्ये जात असतं. बाहेर काहीच दिसत नाही. पेट्रोल गाडीत ते व्हॅक्युमच्या पाइपने इंजिनात ओढलं गेलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून तो पाइपांसकट जरा पुढे ओढा आणि बूस्टरच्या तोंडाशी बोट फिरवा. बोट ओलं झालं तर सिलिंडर बदला. बूस्टरचा पडदाही त्या ऑइलने खराब झाला असण्याची शक्यता धरा.

पेडल कडक आहे. बूस्टर गेला का?

वरच्यासारखं इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पंप मारा, मग पेडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. सुरू होताक्षणी पेडल पायाखालून थोडं खाली सरकलं तर बूस्टर मदत करतोय. काहीच हललं नाही तर मदत पोचत नाही.

पण ‘मदत पोचत नाही’ म्हणजे लगेच ‘बूस्टर गेला’ नव्हे. आधी इंजिनाकडून येणारा जाड पाइप बघा: चिरलेला, सैल किंवा आतून चिकटलेला नाही ना. त्या पाइपात किंवा बूस्टरच्या तोंडाशी एक वन-वे व्हॉल्व असतो. इंजिन बंद करून जरा वेळाने पाइप बूस्टरवरून ओढून काढा. ‘फुस्स’ असा आवाज आला तर व्हॅक्युम साठून राहिला होता, व्हॉल्व ठीक. आवाज नाही, तर व्हॉल्व किंवा बूस्टर. पेडल दाबून धरल्यावर पायाजवळ सतत सुस्कारा ऐकू येत असेल आणि इंजिनाचं आयडल (उभ्या गाडीतली इंजिनाची गती) बदलत असेल, तर बूस्टरचा पडदा फाटलाय.

बूस्टर नीट चालतोय आणि पेडल तरी कडक? मग चाकांकडे चला: गुळगुळीत झालेले पॅड, गंजाने अडकलेले पिस्टन, जाम झालेल्या स्लाइड पिन (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या). काही जुन्या गाड्यांना मुळात बूस्टर नसतोच, त्यांचं पेडल जडच असतं. नव्या गाडीतून उतरून तिच्यात बसलं की पहिले काही दिवस ब्रेक गेल्यासारखे वाटतात.

डिझेल गाडीला हेच लागू आहे का?

चाचण्या त्याच, व्हॅक्युमचा उगम वेगळा. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे (हवेची वाट अडवणाऱ्या झडपेमुळे) इनटेकमध्ये व्हॅक्युम तयार होतो. जुन्या डिझेलला थ्रॉटल नसल्याने वेगळा व्हॅक्युम पंप असतो, अनेकदा अल्टरनेटरच्याच शाफ्टवर. अल्टरनेटरची दुरुस्ती झाली आणि लगेच पेडल कडक झालं, तर पंप, त्याचा ऑइल पाइप आणि व्हॅक्युम पाइप आधी तपासा.

नवे पॅड टाकल्यावर ब्रेक आधीपेक्षा कमी लागतात. असं का?

काही प्रमाणात हे अपेक्षित आहे. नवा पॅड सपाट, जुनी डिस्क घासून पन्हाळीसारखी झालेली. दोघांचा पूर्ण स्पर्श व्हायला वेळ लागतो. रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटरवरून साधारण १० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, थोडं चालवून ब्रेक थंड होऊ द्या, पुन्हा तेच. असं आठ-दहा वेळा. गरम झालेल्या ब्रेकवर गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून ठेवू नका. पॅड बनवणाऱ्याने वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा.

त्यानंतरही सुधारणा नसेल तर पॅड काढून त्यांचा चेहरा बघा. काचेसारखी चमक म्हणजे जास्त तापून ग्लेझ झालेत. डाग म्हणजे ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लागलंय. ऑइल शोषलेला पॅड किंवा लायनर (शूवरचा घर्षणाचा थर) धुऊन, जाळून, घासून परत कामाचा होत नाही, तो फेकायचाच. एकाच कॅलिपरमधला एक पॅड जाड आणि दुसरा पातळ असेल तर स्लाइड पिन जाम आहेत: पिन काढा, गंज साफ करा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं चाकाचं ग्रीस तिथे नको, त्याने रबर फुगतं आणि पिन दुप्पट जाम होते.

पॅडचं घर्षणाचं द्रव्य २-३ मिलीमीटरवर आलं की बदलायची वेळ झाली. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्याच कडेवर कोरलेली असते आणि ड्रमचा कमाल व्यास ड्रमवर. टर्निंग (लेथवर घासून सपाट) करून देतो म्हणणाऱ्याला आधी तो आकडा दाखवा.

मागचे ब्रेक काम करतात की नाही, हे कसं कळणार?

थांबवण्याचं जास्त काम पुढची चाकं करतात, कारण ब्रेक दाबल्यावर वजन पुढे येतं. त्यामुळे मागचे ब्रेक जवळजवळ बंद पडले तरी गाडी वर्षभर ‘चालते’ आणि पुढचे पॅड लवकर झिजतात एवढंच लक्षात येतं.

साधा उपाय उष्णतेचा. थोडं चालवा, काही वेळा व्यवस्थित ब्रेक मारा, उतरून प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या, स्पर्श करू नका. मागची चाकं पुढच्यांपेक्षा थंड असणारच. पण एक मागचं कोमट आणि दुसरं थंडगार, किंवा दोन्ही साफ थंड, तर ड्रम उघडा.

ड्रम निघत नसेल तर हातोड्याने बडवण्याआधी ॲडजस्टर (शूचं अंतर कमीजास्त करणारा भाग) सैल करा. जुन्या ड्रमच्या कडेला झिजेमुळे ओठ तयार होतो आणि शू त्यामागे अडकतात. आत गेल्यावर तीन गोष्टी: लायनर किती उरलंय, सिलिंडर ओला आहे का आणि ॲडजस्टरची दातेरी चकती हाताने फिरते का. ती गंजून गच्च असणं ही जुन्या गाडीच्या खोल पेडलची फार नेहमीची व्यथा आहे.

ॲडजस्ट करताना चाक अडेपर्यंत चकती फिरवा, पेडल एकदा दाबून शू मध्यावर आणा, पुन्हा बघा, मग चाक फिरताना हलकी घासट ऐकू येईल इतकं मागे घ्या. हँडब्रेकची केबल सगळ्यांत शेवटी. अनेक ठिकाणी उलट करतात: हँडब्रेक सैल वाटला की केबल ताणतात. त्याने शू अर्धवट ओढलेले राहतात, आपोआप ॲडजस्ट होणारी यंत्रणा चालत नाही, हँडब्रेक घट्ट आणि पेडल खोल.

काही गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व असतो, त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली. भार वाढला की तो मागे जास्त दाब सोडतो. गाडीखालच्या चिखलात ही दांडी गंजून ‘रिकामी गाडी’च्या जागी अडकली, तर मागचे ब्रेक कायम अर्धेच राहतात. गाडीखाली गेलाच आहात तर ती हलते का बघा.

माझ्या गाडीला पुढेही ड्रमच आहेत.

मग पुढच्या चाकांना बहुधा दोन सिलिंडर आणि दोन ॲडजस्टर असतील. दोन्ही सारखे करायचे, एकच केला तर गाडी ओढते. असे पुढचे ब्रेक रिव्हर्समध्ये कमी पकडतात, तो दोष नव्हे. पाणी शिरल्यावरही पकड जाते. हलका ब्रेक लावत थोडं चालवलं की परत येते.

ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. डावा ब्रेक दुरुस्त करायचा ना?

आधी उजवा बघा. गाडी ज्या बाजूचा ब्रेक जास्त लागतो तिकडे जाते, म्हणजे उजवं चाक काम टाळतंय. पिस्टन अडकलाय, पॅडला ऑइल लागलंय किंवा होज आतून बंद झालाय.

ब्रेक न मारताही गाडी ओढत असेल आणि त्याच बाजूचं चाक तापत असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. चाक अडकलेलं असतानाच ब्लीडर निपल जरा सैल करा. ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकून पडला होता: होज आतून सुजलाय किंवा मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला (पेडलकडून पिस्टन ढकलणाऱ्या दांडीला) मोकळीक नाही. निपल सोडूनही चाक अडलेलंच, तर दोष कॅलिपरमध्ये. टायरचा हवेचा दाबही बघून घ्या, हसू नका.

ब्रेक ऑइल कुठलं टाकू? आणि किती वर्षांनी बदलायचं?

डबीच्या झाकणावर लिहिलेलं. बहुतेक गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत). दोन्ही ग्लायकॉलवर आधारित, हवेतलं पाणी शोषणारे. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो किमान १४० पुरेसा धरतात. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. म्हणून रंग चांगला दिसतोय या कारणाने जुनं ऑइल ठेवू नका. पाणी डोळ्यांना दिसत नाही. साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदला.

डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ नावाने भाऊबंद वाटतं, पण ते ग्लायकॉलचंच आहे.

सर्वांत वाईट अपघात म्हणजे डबीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंग ऑइल पडणं. खनिज तेलाने सील फुगतात. झाकणाखालचं रबर फुगून लाटालाटांचं झालं असेल तर ही खूण समजा. मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही, प्रत्येक सील आणि होज बदलावे लागतात. याला अपवाद म्हणजे हिरवं खनिज तेलच वापरणाऱ्या काही जुन्या सिट्रोएन गाड्या; तिथे उलट डॉट ऑइलच वर्ज्य.

लांब उतारावर ब्रेक हळूहळू जातात, खाली थांबून थंड झाल्यावर पूर्ववत होतात.

पेडल कडक राहून पकड गेली असेल तर पॅड किंवा लायनर तापलेत. पेडल मऊ होऊन खाली गेलं असेल तर ऑइल उकळून त्याची वाफ झाली आहे. वाफ दबते, ऑइल दबत नाही. पहिल्यावर उपाय चांगले पॅड, मोकळे सरकणारे पिस्टन आणि खालचा गिअर. दुसऱ्यावर ताजं ऑइल. दोन्हींत चालकाचा वाटा मोठा: उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या आणि पेडलवर पाय टेकवून ठेवू नका. थोडं दाबा, सोडा, गार होऊ द्या.

जोरात ब्रेक मारला की चाकं लॉक होतात, तरी गाडी लवकर थांबत नाही.

चाक लॉक होतंय म्हणजे त्याचा ब्रेक टायरच्या पकडीपेक्षा ताकदवान आहे. पैसे टायरवर खर्च करा. नक्षी भरपूर असली तरी जुन्या टायरचं रबर कडक होतं. फक्त मागचीच चाकं आधी लॉक होत असतील तर मात्र तो ब्रेकचा दोष, आणि गाडी गरकन फिरू शकते. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारताना पेडल धडधडतं, ते बरोबरच आहे. हलक्या ब्रेकलाही थरथर येत असेल तर डिस्कची जाडी असमान झालीय.

घरी काय करावं आणि काय करू नये?

वरच्या सगळ्या पेडलच्या चाचण्या, ऑइलची पातळी आणि उष्णतेची तपासणी कुणीही करावी. पॅड, शू, हवा काढणं हे हात बसलेल्याने करावं. एबीएस असलेल्या काही गाड्यांत पूर्ण हवा काढायला स्कॅनर लागतो. धातूचे पाइप गंजले असतील तर तुकडा जोडून, वेल्डिंग करून भागवू नका, कनेक्शनपासून कनेक्शनपर्यंत पूर्ण पाइप नवा हवा. क्लिपखाली झाकलेली जागा आधी बघा, गंज तिथे सुरू होतो.

गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचाच. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने किंवा तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

चालत्या गाडीत पेडल तळाला गेलं तर?

भराभर पंप मारा, थोडा दाब बहुधा मिळतो. एकेक गिअर खाली. हँडब्रेक बटण दाबून धरूनच हळूहळू ओढा, म्हणजे मागची चाकं लॉक होऊ लागली तर लगेच सोडता येईल. इंजिन बंद करू नका आणि किल्ली काढू नका: बूस्टर जातो, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. हॉर्न आणि हेडलाइट चालू ठेवा.

दुरुस्ती झाली. गाडी ताब्यात घेताना काय बघू?

किल्ली लावण्याआधी पेडल दाबा. पॅड बदलल्यावर पिस्टन मागे ढकललेले असतात आणि पहिले काही दाब पेडल सरळ खाली जातं. ते पंप करून वर आणणं गॅरेजचं काम, पण कधी कधी राहून जातं. मग अर्धा मिनिट धरण्याची चाचणी, बूस्टरची चाचणी, डबीची पातळी. मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने दोन-तीनदा थांबवून बघा, मग रस्त्यावर या. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही चाकांच्या आतल्या बाजूला कागद फिरवा आणि डबी पुन्हा बघा; नव्या जोडातली बारीक गळती रात्रभरात दिसते. जुने काढलेले पार्ट मागून घ्या. पॅडची झीज बघितली तर बाकीच्या चाकांचं काय चाललंय याचा अंदाज येतो.